साडेपाच वर्षांच्या लेकीला भूल द्यायची आहे. तिची भीती कशी घालवू, आणि माझी?

मनीची_आई | सोमवार, रात्री ११.४८

शुक्रवारी सकाळी ८ वाजता लेकीचं टॉन्सिल आणि ॲडेनॉइडचं (नाकामागची गाठ) ऑपरेशन आहे. वय साडेपाच. दोन वर्षं झाली, तोंड उघडं टाकून झोपते आणि इतकी घोरते की शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "तुमचे हे फार घोरतात हो." बिचाऱ्या नवऱ्यावर आळ. ऑपरेशन करायचं हे सहा महिने विचार करून ठरवलंय, त्यामुळे "खरंच गरज आहे का", "होमिओपॅथी करून बघा" असे सल्ले कृपया नकोत.

मला भीती भुलीची वाटतेय. आज भुलीच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, माणूसही शांत वाटला. पण संमतीपत्रात "प्रसंगी जिवाला धोका" असं छापलं होतं आणि खाली सही करायची होती. पेन चालेना. म्हणजे पेन चालत होतं, हातच चालेना.

खरी गोष्ट पुढची. तपासताना डॉक्टर तिला प्रेमानं म्हणाले, "तुला आम्ही मस्त झोपवणार!" ती एकदम गप्प झाली. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. रात्री दिवा घालवल्यावर विचारते, "आजोबांसारखं?"

दीड वर्षापूर्वी माझे सासरे गेले. तेव्हा ती चार वर्षांची होती. हॉलमध्ये त्यांना ठेवलं होतं आणि आम्ही तिला सांगितलं होतं, आजोबा झोपलेत, त्यांना उठवायचं नाही.

मी "नाही गं राणी, काही नाही होणार" असं म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिनं ऐकलं असणार.

नवरा म्हणतो, काही सांगू नकोस, आइस्क्रीम खायला जातोय म्हणून नेऊ. सासूबाई म्हणतात, देवीची ओटी भरू. तुम्ही मुलांना काय सांगितलंत? कधी सांगितलंत?

---

साबुदाणा_वडा | सोमवार, रात्री ११.५९

आइस्क्रीम खायला जातोय असं चुकूनही सांगू नका!! आम्ही हा पराक्रम केलेला आहे. मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, वय ४. मॉलला जातोय सांगून घेऊन गेलो. हॉस्पिटलच्या दारात त्यानं पाटी बघितली (वाचता येत नव्हतं, पण लाल अधिकचं चिन्ह ओळखता येत होतं) आणि जो काही टाहो फोडला! ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण नंतर आठ महिने मॉल म्हटलं की पोरगं गाडीत बसायचं नाही. लग्नाला जातोय म्हटलं तरी विचारायचं, "नक्की लग्नच ना?"

सही करताना हात थांबतो. सगळ्यांचाच थांबतो.

---

जुना_खोकला | मंगळवार, सकाळी ६.१५

मी या धाग्यावरचा बहुधा सगळ्यात म्हातारा. माझे टॉन्सिल १९६९ साली काढले, तालुक्याच्या गावी. वय ७. मलाही काही सांगितलं नव्हतं. वडील म्हणाले, डॉक्टरकाका घसा बघणार आहेत.

दोन जणांनी हात धरले, एकानं पाय. तारेची जाळी असलेलं, गॉज लावलेलं काहीतरी नाकातोंडावर ठेवलं आणि वरून थेंब थेंब ईथर. तो वास ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. घुसमट होते, खोकला येतो, आणि आकडे मोजायला सांगतात. मी अकरापर्यंत मोजल्याचं आठवतं. दाराच्या फटीतून वडिलांचं धोतर दिसत होतं. ते हलले नाहीत. आत येऊ देत नसत, हे मला फार नंतर कळलं. सात वर्षांच्या मुलाला एवढंच कळलं होतं की बाबा तिथे आहेत आणि येत नाहीयेत.

त्यानंतर पेट्रोलपंपावरच्या वासानंही पोटात ढवळायचं, कॉलेजात जाईपर्यंत. मागच्या वर्षी माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा भुलीच्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, काका, ईथर आता आमच्याकडे नाही, आणि हातपाय धरायलाही माणसं नाहीत. मग हसून हात हातात घेतला.

काळ बदललाय, ताई. पण लेकराला फसवू नका. ऑपरेशन मी विसरलो असतो. फसवलं ते विसरलो नाही.

---

गुंगीवाला | मंगळवार, दुपारी २.३०

दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. पेशानं भूलतज्ज्ञ, त्यातही बहुतेक लहान मुलं. इथे तुमच्या मुलीवर उपचार सुचवत नाही, ते तुमचे डॉक्टर करतील. फक्त पडद्यामागे काय चालतं ते सांगतो.

आधी आजोबांचं. आमच्यात "झोपवणार" हा शब्द इतका रुळलाय की तो कुणाला कसा लागेल याचा विचार होत नाही. मी "भूल" म्हणायचो, तर एका मुलानं विचारलं, "कुणाची भूल झाली?" तेही बरोबरच. आता मी सांगतो: "हे एक खास औषध आहे. मी ते देत राहतो तोवर तुला काही कळणार नाही आणि काही दुखणार नाही. काम झालं की मी औषध बंद करतो, मग तू जागी होतेस. मी पूर्ण वेळ तुझ्या उशाशी असतो." यातलं अक्षरन्अक्षर खरं आहे. भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन निघून जातो अशी अर्ध्या महाराष्ट्राची समजूत आहे. आम्ही जात नाही. श्वास, ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हे सगळं क्षणोक्षणी बघत बसतो.

पण तुमच्या बाबतीत एवढ्यानं भागणार नाही. आजोबा झोपले नव्हते, आजोबा वारले होते, हे तिला आधी सांगावं लागेल. आजोबांची झोप आणि तिची झोप तिच्या मनात एकाच खणात आहेत. ते वेगळे करायचं काम तुमचं, माझ्या कुठल्याही औषधानं ते होणार नाही.

कधी सांगायचं? दोन-तीन वर्षांच्या बाळाला आदल्या दिवशी, फार आधी सांगितलं तर नुसती धास्ती. चार ते सहा वर्षांच्या मुलांना दोन-तीन दिवस आधी. त्याहून मोठ्यांना आठवडाभर आधी, कारण त्यांना प्रश्न विचारायला वेळ लागतो. म्हणजे तुम्ही बरोबर वेळेवर आहात, आज रात्री बोला.

आता एक विचित्र वाटेल असं. "काही नाही होणार" हे वाक्य चालत नाही. अमेरिकेत झीव्ह केन नावाचे भूलतज्ज्ञ आहेत, त्यांची कारकीर्द याच विषयात गेली. त्यांच्या चमूला असं दिसलं की आईबाप जितकं "काही नाही, काही नाही" म्हणतात तितकी मुलं जास्त घाबरतात. पोर हुशार असतं. काही नाही तर ही सारखं काही नाही का म्हणतेय? त्याऐवजी गप्पा, विनोद, "माशीला किती पाय असतात" असलं काहीही चालतं. २००७ साली त्यांनी ४०८ मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटात आईबापांनाच आधी शिकवलं: मास्क घरी आणून खेळा, लक्ष कसं वळवायचं, काय बोलायचं नाही. ती मुलं मास्क लावताना गुंगीचं सिरप दिलेल्या मुलांइतकीच शांत होती, शुद्धीवर येताना कमी गोंधळली, वेदनाशामक कमी लागलं, घरीही लवकर गेली.

तुमच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं का, तर मुलगी घोरते. एरवी घाबरलेल्या मुलाला आम्ही अर्धा तास आधी मिडाझोलामचं सिरप पाजतो, किंवा पाऊण तास आधी नाकात डेक्समेडेटोमिडिन देतो. मूल तरंगत आत येतं. पण झोपेत श्वास अडखळणाऱ्या मुलांत ही औषधं जपून द्यावी लागतात, कधी टाळतो. घोरण्याबद्दल सगळं सांगितलंय ना? झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटतो का, हेही सांगा. आणि साडेपाच म्हणजे पुढचे दात. एखादा हलत असेल तर नक्की सांगा, नळी घालताना तो पडून घशात जाऊ नये म्हणून आम्ही बघून ठेवतो.

चला, बोलावताहेत.

---

तर्कट | मंगळवार, दुपारी ३.०५

डॉक्टरसाहेब, लेख छान, पण एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलीत. भुलीच्या औषधांनी लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, असा इशारा खुद्द अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्यानं दिलाय. पालकांना हे का सांगितलं जात नाही?

---

साबुदाणा_वडा | मंगळवार, दुपारी ३.११

तीन दिवसांवर ऑपरेशन आहे तिच्या लेकीचं. जरा तारतम्य?

---

गुंगीवाला | मंगळवार, रात्री ९.४०

नाही, प्रश्न रास्त आहे. तिनंही तो रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधलाच असेल.

इशारा डिसेंबर २०१६ चा. तो तीन वर्षांखालच्या मुलांबद्दल आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीबद्दल आहे, आणि भूल तीन तासांहून जास्त चालली किंवा वारंवार दिली तर. मूळ काळजी बरीचशी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आली. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला: सात देशांतली ७२२ तान्ही बाळं, हर्नियाचं ऑपरेशन. निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना फक्त कमरेखालचा भाग बधिर करून. पूर्ण भूल साधारण तासाच्या आतली. पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यंक तपासला, दोन्ही गटांत फरक नाही.

लांबलचक किंवा वारंवार भुलीबद्दल अजून काम चालू आहे, म्हणून तान्ह्या बाळाचं जे ऑपरेशन थांबू शकतं ते आम्ही थांबवतो. इथे मुलगी साडेपाचची आणि काम तासाभराचं. उलट रोज रात्री श्वास अडखळून झोपमोड होणं हेच मेंदूला बरं नाही.

---

तर्कट | मंगळवार, रात्री ९.५२

ठीक. हे पटलं. मनीची_आई, घाबरवायचा हेतू नव्हता. शुभेच्छा.

---

ओटीतली_सिस्टर | मंगळवार, रात्री १०.२०

मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, एकवीस वर्षं आहे. डॉक्टर मोठं मोठं सांगतात, मी बारीकसारीक सांगते.

नेलपॉलिश आजच काढा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लागतो. मेंदी लावू नका. कानातलं, पैंजण, चांदीचा करगोटा घरी. काळा दोरा काढायला सांगितला की आज्या आमच्याशी भांडतात. मी सांगते, आजी, दोरा बाळाच्या उशाखाली ठेवते. आणि ठेवतेसुद्धा.

सलाईनची सुई आत, गुंगी आल्यावर लावणार की बाहेर, ते विचारून घ्या. बाहेर लावणार असतील तर बधिर करायचं मलम मिळतं, लिग्नोकेन-प्रिलोकेनचं. हाताच्या मागच्या बाजूला जाड थर आणि वरून चिकटपट्टी. पण तासभर आधी लावावं लागतं. पाच मिनिटं आधी लावून "काही उपयोग नाही" म्हणणारे रोज भेटतात.

"टोचणार नाही" असं कबूल करू नका. टोचलं तर पुढचं सगळं खोटं ठरतं.

आणि उपास!! एका आजीनं ओढणीआड नातवाला बिस्किट दिलं. "लेकरू उपाशी, माझ्या जिवाला बघवेना." नशीब पोरानंच सांगितलं, "सिस्टर, बिस्किट गोड होतं." ऑपरेशन पुढं ढकललं. आई आजीवर, आजी आमच्यावर.

---

अकोल्याचा_बंड्या | मंगळवार, रात्री १०.४४

एका बिस्किटासाठी ऑपरेशन रद्द? काहीतरीच करून राहिले तुम्ही लोकं. पोट्टं उपाशी ठेवून वरतून ऑपरेशनही नाही!

---

गुंगीवाला | मंगळवार, रात्री ११.०२

बंड्याभाऊ, जागेपणी अन्न उलटं आलं तर आपण खोकतो, ठसका लागतो. भुलीत तो ठसकाच बंद असतो. पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात. बिस्किट छोटं दिसतं, पण पोटात त्याचा जो आंबट लगदा होतो तो फुप्फुसाला जाळतो.

पण तुमचा राग अर्धा बरोबर आहे. "रात्री १२ नंतर पाण्याचा थेंबही नाही" ही जुनी सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे आणि ती मुलांना उगाच छळते. साधारण नियम असा: जेवण, गाईम्हशीचं किंवा डब्याचं दूध सहा तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, आणि पाणी, साखरपाणी, गाळलेला सफरचंदाचा रस असं आरपार दिसणारं काहीही दोन तास आधीपर्यंत. युरोपात पाण्याला आता एक तास पुरे म्हणतात. चहा आरपार दिसत नाही, दुधाचा असतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा, "सहा वाजता उठवून पाणी पाजू का?" बहुतेक हो म्हणतील. तहानलेलं, चिडलेलं मूल कुणालाच नको असतं, मला तर मुळीच नको असतं.

---

बर्मिंगहॅमकर | बुधवार, पहाटे ३.३०

(इथे अजून मंगळवारची रात्रच आहे.)

आमच्या धाकट्याच्या कानात ग्रॉमेट (पडद्यात बसवायच्या छोट्या नळ्या) बसवले तेव्हा इकडच्या पद्धतीप्रमाणे मी त्याच्याबरोबर भुलीच्या खोलीपर्यंत गेले. खेळ घेणारी एक ताई असते, हॉस्पिटलचीच. तिनं आधी त्याच्या अस्वलाला मास्क लावला, अस्वलाला झोप आली, अस्वल उठलं. मग त्याची पाळी. तो माझ्या मांडीवर, मास्क लागला, डोळे वर फिरले, एकदम कापसासारखा सैल पडला. मला कुणी सांगितलं नव्हतं की डोळे अर्धवट उघडे राहतात, हातपाय थोडे झटकतात, घोरल्यासारखा आवाज येतो. सगळं नॉर्मल असतं म्हणे. मी कपाळाला ओठ टेकवले आणि नर्सनं मला हलकेच बाहेर काढलं. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून मी जी रडले ती आजतागायत तशी रडलेली नाही.

मुद्दा असा की आत जायला मिळालं तर आधी स्वतःला विचारा, जमेल का.

---

गुंगीवाला | बुधवार, सकाळी ७.५०

याला पुस्ती. आई आत आली की मूल आपोआप शांत होतं असं नाही. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेनं २०१५ मध्ये २८ प्रयोगांचा आढावा घेतला. नुसत्या पालकांच्या हजेरीनं मुलांची भीती कमी झाल्याचं दिसलं नाही. विदूषक आणि हातातल्या व्हिडिओ गेमनं मात्र बरं काम केलं. शांत पालक आत आला तर फायदा, थरथरता पालक आला तर तोटा. भीती हातातून हातात जाते.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दारापर्यंतच सोडतात. विचारायला हरकत नाही. एकालाच सोडणार असतील तर जो कमी रडतो त्याला पाठवा, मग तो बाप का असेना.

अवांतर: या विद्येत आपला भागही जुना आहे. १८८९ साली हैदराबादेत निजामाच्या पैशानं, क्लोरोफॉर्म हे भुलीचं औषध कितपत सुरक्षित ते तपासायला, क्लोरोफॉर्म कमिशन बसलं होतं आणि तिथल्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी या जगातल्या पहिल्या काही स्त्री-भूलतज्ज्ञांपैकी एक. आमच्या परीक्षेत हे कुणी विचारत नाही.

---

मनीची_आई | बुधवार, रात्री ११.१५

काल रात्री बोलले. इथे लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

मी म्हटलं, आजोबा झोपले नव्हते. आजोबा वारले होते. त्यांचं हृदय थांबलं होतं, म्हणून ते उठले नाहीत. तुला डॉक्टर औषध देणार, ते बंद केलं की तू उठणार.

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तेव्हा खोटं का सांगितलं?"

काय उत्तर देणार? "मला रडू येत होतं म्हणून."

"आत्ता पण येतंय?"

"थोडं."

"बरं," म्हणाली आणि माझ्यावर पाय टाकून झोपली. मीच जागी.

आज घरातला वाफ घ्यायचा मास्क काढला. एरवी मास्क बघितला की पलंगाखाली पळते. आज आधी बाहुलीला लावला, मग बाबाला, मग सासूबाईंना. सासूबाईंनी डोळे मिटून असलं नाटक केलं की बास. शेवटी स्वतः लावून पाच फुगे फुगवल्यासारखे श्वास घेतले. "डॉक्टरांकडे खरा फुगा आहे, तू श्वास घेतलास की तो हलतो," असं सांगितलं, तर आता तिला तो फुगा बघायची घाई झालीय.

खालचा एक दात हलतोय!! गुंगीवाला, तुम्ही सांगितलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं. डॉक्टरांना फोन करून कळवलं. पाणी सकाळी सहापर्यंत चालेल म्हणाले. सासूबाईंना बिस्किटाचा किस्सा मोठ्यानं वाचून दाखवलाय. "मी काय अशी वाटते का?" म्हणाल्या. पण डबा स्वतःच वरच्या फळीवर ठेवला.

---

ताकभात | गुरुवार, सकाळी १०.०५

वाचतेय. डोळे भरून आले. माझ्या जुळ्यांचं पुढच्या महिन्यात आहे.

---

मनीची_आई | गुरुवार, सायंकाळी ६.४०

तातडीचं!! दोनदा शिंकली. नाक थोडं पाणावलंय. ताप नाही. आता???

---

गुंगीवाला | गुरुवार, सायंकाळी ६.५८

आत्ता लगेच तुमच्या डॉक्टरांना फोन. लपवू नका, "उगाच पुढं ढकलतील" म्हणून तर अजिबात नाही. सर्दीत श्वासनळी चिडलेली असते, भुलीत ती आवळू शकते. ताप, ओला खोकला, छातीत घरघर असेल तर बहुधा काही आठवडे थांबतात. नुसतं पातळ पाणी, मूल खेळतंय, असं असेल तर ॲडेनॉइडच्या मुलांत बऱ्याचदा पुढे जातात, कारण यांचं नाक कायमच वाहत असतं. पण ते छाती तपासूनच ठरतं.

---

मनीची_आई | गुरुवार, रात्री ८.३०

तपासून आलो. छाती साफ. सासूबाईंनी दुपारी पोहे फोडणीला टाकले होते, मिरची जळली होती. सगळेच शिंकत होतो. मला आठवलंच नाही.

उद्या आठ वाजता.

---

साबुदाणा_वडा | शुक्रवार, सकाळी ८.०१

देवापुढे दिवा लावलाय.

जुना_खोकला | शुक्रवार, सकाळी ८.२०

मी पण जागाच आहे, नेहमीसारखा. वाट बघतोय.

अकोल्याचा_बंड्या | शुक्रवार, सकाळी ९.३०

झालं का हो ताई?

---

मनीची_आई | शुक्रवार, रात्री १०.१०

झालं. घरी नाही, आजची रात्र इथेच ठेवलंय. ती झोपलीय. दोन वर्षांत पहिल्यांदा तोंड मिटून. आवाज नाही. मी मधूनमधून नाकाखाली बोट धरून बघतेय, वेडी झालेय.

सकाळी पावणेसहाला उठवून साखरपाणी दिलं. हॉस्पिटलमध्ये एकाच पालकाला आतल्या दारापर्यंत, मास्क लागेपर्यंत थांबायची परवानगी मिळाली. मी नवऱ्याकडे बघितलं. जो माणूस आइस्क्रीमचं खोटं सांगायला निघाला होता, तोच हिरवा गाऊन घालून आत गेला. आत काय झालं ते त्याच्याकडून ऐकलेलं: डॉक्टरांनी मास्कला स्ट्रॉबेरीचा वास लावला होता. तिनं फुग्याची चौकशी केली. यानं विचारलं, गणपतीच्या उंदराला किती पाय? ती "चार" म्हणाली, मग यानं विचारलं, "त्याच्या लाडवाला?" आणि उत्तर द्यायच्या आधीच ती गुंगीत गेली. बाहेर येऊन हा बाकावर बसला आणि दहा मिनिटं माझ्याशी बोलला नाही.

शुद्धीवर येतानाचं मात्र भयंकर होतं. मला बोलावलं तर ती किंचाळत होती, लाथा मारत होती, मला ओळखेना. "आई पाहिजे" म्हणत होती आणि मी समोर उभी! सिस्टर म्हणाल्या, होतं असं, पंधरा-वीस मिनिटांत जाईल. खरंच गेलं. एकदम शांत होऊन झोपली, उठल्यावर तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. मला आठवतंय.

---

गुंगीवाला | शुक्रवार, रात्री १०.३५

अभिनंदन. हे आधी सांगायला हवं होतं, माझी चूक. सेव्होफ्लुरेन नावाच्या वायूनंतर दोन ते पाच-सहा वर्षांच्या मुलांत असा गोंधळ होतो. डोळे उघडे, पण माणूस ओळखत नाहीत. कुशीत धरून ठेवायचं, समजूत घालत बसायचं नाही, कारण ऐकणारं अजून आलेलं नसतं.

पुढचे काही दिवस रात्री दचकून उठणं, चिकटून बसणं, एखाद वेळी अंथरूण ओलं होणं चालेल, ते बहुधा आपोआप जातं. पण तोंडातून ताजं लाल रक्त आलं किंवा सारखं गिळतेय असं दिसलं तर रात्र-दिवस न बघता हॉस्पिटल गाठा. दहा-बारा दिवस हे लक्षात ठेवा. लाल सरबत, लाल गोळा देऊ नका. उलटी झाली तर रक्त की रंग हे कळत नाही.

---

मनीची_आई | सोळा दिवसांनी, रविवार, दुपारी १.२०

सगळं ठीक. चार रात्री माझ्याच अंगावर झोपली, एकदा गादी ओली. आता बंद. कालपासून शाळा. घोरणं नाही. शेजारच्या काकूंनी नवऱ्याचं अभिनंदन केलं.

---

लोणच्याची_बरणी | रविवार, दुपारी ४.१०

नवीन आहे, सगळा धागा वाचला. मुलाचं बुधवारी हर्नियाचं ऑपरेशन, वय पाच. आज सांगायचंय. मास्कला खूप घाबरतो. स्ट्रॉबेरीचा वास असतो म्हणून सांगू का? त्याला स्ट्रॉबेरी फार आवडते.

---

मनीची_आई | रविवार, सायंकाळी ५.००

लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते, त्याला सांग, आधी थोडा वेळ स्ट्रॉबेरीचा असतो आणि मग काळ्या मार्कर पेनासारखा येतो. डॉक्टरांनी नुसतं स्ट्रॉबेरीच सांगितलं होतं, त्यावर अजून चिडलेली आहे.